बारा चाव्यांची तिजोरी: आर्बिट्रमच्या सुरक्षा परिषदेच्या निवडणुकीत मत देऊन आलेला अनुभव

मी २६ वर्षं बँकेत कॅश सांभाळली. त्यातली शेवटची १४ वर्षं नाशिकरोडच्या एका शाखेत स्ट्राँगरूमची एक चावी माझ्याकडे असायची आणि दुसरी अधिकाऱ्यांकडे. दोन्ही चाव्या लागल्याशिवाय तिजोरीची मूठ हलायची नाही. बँकेत याला जॉइंट कस्टडी म्हणतात. घरात लग्न असो, कुणी दवाखान्यात असो, सकाळी आपली चावी घेऊन दारात उभं राहायचं. रजा हवी असेल तर चावी कुणाकडे दिली, किती वाजता दिली, हे रजिस्टरमध्ये लिहून दोघांच्या सह्या झाल्या की मगच घरी जायचं.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने जेव्हा आर्बिट्रम या क्रिप्टो-व्यवहारांच्या जाळ्याच्या सुरक्षा परिषदेची निवडणूक दाखवली, तेव्हा त्यातले तांत्रिक शब्द मला एकही येत नव्हते, पण मुद्दा लगेच कळला. चाव्या कुणाच्या हातात द्यायच्या, याची ही निवडणूक आहे. आतापर्यंत मी दोन फेऱ्यांत मत दिलं आहे. बँकेतल्या जुन्या ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं, की ही नक्की काय भानगड आहे आणि वेळ घालवण्यासारखी आहे का. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, आर्बिट्रमचे टोकन नुसतेच पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी ज्या फेऱ्यांत मत दिलं, त्या वेळचे नियम सांगते.

इथेरियम म्हणजे एक ब्लॉकचेन, अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली व्यवहारांची सामाईक खातेवही. आर्बिट्रम हा तिच्या वर बांधलेला दुसरा थर. पुष्कळ व्यवहार इकडे एकत्र करायचे आणि त्यांची नोंद इथेरियमवर टाकायची, म्हणजे खर्च कमी येतो. २०२१ साली तो सर्वांसाठी खुला झाला आणि २३ मार्च २०२३ला जुन्या वापरकर्त्यांना एआरबी नावाचे टोकन, म्हणजे मताचा हक्क देणारी डिजिटल नाणी, वाटले गेले. कमीत कमी ६२५ आणि जास्तीत जास्त १०,२५० असा त्या वाटपाचा हिशेब होता. मुलाने मला वॉलेट उघडून दिलं होतं आणि मी शिकण्यापुरते बारीकसारीक व्यवहार करत होते, त्यामुळे माझ्या वाट्याला ६२५ आले. एकूण टोकन १,००० कोटी. त्यात माझे ६२५, म्हणजे रामकुंडात ओतलेला एक तांब्या. तरीही टोकन हाती आला म्हणजे मताचा हक्क आला, आणि मताचा हक्क असताना घरी बसून राहणं मला कधी जमलेलं नाही.

आता ही परिषद कशासाठी? एरवी आर्बिट्रममध्ये मोठा बदल करायचा तर टोकनधारकांचं मतदान होतं, त्यानंतर मुद्दाम ठेवलेल्या थांब्याच्या मुदती असतात, आणि प्रत्यक्ष बदल लागू व्हायला महिन्याहून जास्त काळ जातो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. ज्याला बदल पटला नाही, त्याला आपले पैसे काढून बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून. पण प्रोग्रॅममध्ये एखादी फट सापडली आणि चोर त्याच रात्री आत शिरणार असेल, तर महिना कुठून आणायचा?

नाशिककरांना हे समजावून सांगायला लागू नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, की आपण आधी विचारतो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? कमरेला आलं म्हटल्यावर भांडी बाजारातले, सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. दरवाजे किती उचलायचे हे ठरवायला त्या वेळी कुणी सर्वसाधारण सभा बोलावत नाही. ज्याच्याकडे ती जबाबदारी दिलेली असते तो माणूस निर्णय घेतो आणि नंतर त्याचा हिशेब देतो. सुरक्षा परिषद म्हणजे तशीच सोय. बारा सभासद, प्रत्येकाकडे सही करायची एक डिजिटल चावी. बारापैकी नऊ जणांनी सह्या केल्या तर तातडीचा बदल ताबडतोब लागू होतो, कुणाच्या मतदानासाठी थांबावं लागत नाही. संकट टळल्यावर परिषदेने काय केलं आणि का केलं, याचा सविस्तर अहवाल टोकनधारकांपुढे ठेवायचा, असं त्यांच्या घटनेत लिहिलेलं आहे.

नऊ माणसांनी ठरवलं तर सगळी व्यवस्था एका क्षणात बदलू शकते. एवढा अधिकार आहे हा. म्हणून निवडणूक कशी होते याकडे मी बारकाईने पाहिलं.

बारा जणांचे सहा-सहाचे दोन गट आहेत आणि दर सहा महिन्यांनी एका गटाची निवडणूक. पहिली फेरी १५ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. दोन गट असल्याने नवीन सहा आले तरी जुने सहा जागेवर असतातच. हे मला फार आवडलं. आमच्याकडे बदल्यांच्या मोसमात एक अलिखित नियम पाळला जायचा, की दोन्ही चावीवाले एकाच दिवशी बदलायचे नाहीत. नवीन माणसाला तिजोरीचा दरवाजा कुठे अडकतो, कुठली चावी जरा वर उचलून फिरवावी लागते, हे सांगणारं कुणीतरी हवं असतं.

उमेदवाराला आधी पात्र ठरावं लागतं. त्यासाठी सात दिवसांत मतदानयोग्य टोकनांपैकी ०.२ टक्के टोकनांचा पाठिंबा मिळवायचा. टक्केवारी लहान दिसते, पण आकड्यात ते कित्येक लाख टोकन होतात. एक बारकावा असा, की एखाद्याची ०.२ टक्क्यांची पायली भरली की त्याच्या नावावर आणखी मतं चढतच नाहीत, जास्तीची मतं मतदाराकडेच राहतात आणि दुसऱ्या उमेदवाराला देता येतात. त्यामुळे नावाजलेल्या माणसाच्या मागे सगळी मतं वाया जात नाहीत. मग चौदा दिवसांची छाननी. यात आर्बिट्रम फाउंडेशन उमेदवाराची ओळख तपासतं, कायदेशीर अडचण आहे का ते पाहतं. पतसंस्थेच्या निवडणुकीत छाननीला थकबाकीदार बाहेर पडतात, त्याची आठवण झाली. त्यानंतर २१ दिवस प्रत्यक्ष मतदान, आणि सर्वांत जास्त मतांचे सहा निवडून येतात.

या २१ दिवसांची रचना मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. पहिल्या सात दिवसांत दिलेलं मत पूर्ण वजनाचं. आठव्या दिवसापासून वजन रोज थोडं थोडं उतरत जातं आणि एकविसाव्या दिवशी शून्यावर येतं. माझ्या ६२५ टोकनांचं मत चौदाव्या दिवशी दिलं असतं, तर ते साधारण ३१२ इतकंच धरलं गेलं असतं. ज्यांनी जिल्ह्यातल्या एखाद्या सोसायटीची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना याचं मोल कळेल. आपल्याकडे सगळा खेळ शेवटच्या रात्री होतो. पॅनलच्या गाड्या फिरतात, कपबशी की छत्री हे पहाटेपर्यंत ठरत राहतं, आणि महिनाभर शांतपणे प्रचार केलेला चांगला माणूस सकाळी पडलेला असतो. इथे मोठा टोकनधारक शेवटच्या तासाला पोतंभर मतं घेऊन आला, तरी तोवर त्या पोत्यात काही उरलेलं नसतं. मी चौथ्या दिवशी मत दिलं.

पहिल्या फेरीत मात्र माझं मत गेलंच नाही. २०२३च्या गणपतीत घरात पाहुणे होते, तरी रात्री वेळ काढून बसले, सगळं वाचलं, नाव निवडलं, आणि मताची ताकद शून्य दिसली. टोकन वॉलेटमध्ये होते, पण मताचा हक्क कुणाच्याच नावावर नोंदवलेला नव्हता. तो स्वतःच्या नावावर किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आधी सोपवावा लागतो, आणि निवडणूक सुरू होते त्या क्षणी जी नोंद असेल तीच धरली जाते. मतदार यादी अंतिम झाल्यावर नाव घालून चालत नाही, तसंच हे. ज्या मदतपानावरून मी सगळं शिकले, त्याच्यावर ही गोष्ट अगदी तळाला एका ओळीत होती. ती सगळ्यात वर हवी. त्यामुळे तुमच्याकडे टोकन असतील, तर निवडणुकीची वाट न पाहता आजच तो हक्क स्वतःच्या नावावर करून ठेवा. एकदाच करावं लागतं.

पुढच्या फेरीला मी एक जुनी दोनशे पानी वही काढली आणि प्रत्येक उमेदवाराला एक पान दिलं. उमेदवारांत सुरक्षा तपासणी करणाऱ्या कंपन्यांतली माणसं असतात, संशोधक असतात, इतर ब्लॉकचेनवर काम करणारी असतात. शिक्षण, नोकरी, कुठला प्रकल्प केला हे सगळे भरभरून लिहितात. मी पानावर चार गोष्टी शोधत होते. हा माणूस जगाच्या कुठल्या भागात राहतो, म्हणजे इतर अकरा जण झोपलेले असताना तो जागा असेल का? चावी वेगळ्या उपकरणात ठेवतो का? आणखी किती ठिकाणच्या चाव्या त्याच्याकडे आहेत? आणि सही करण्याआधी तो काय पाहतो?

चौथी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत कमी जणांनी लिहिलेली असते.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक अधिकारी आले. माणूस सज्जन, कामाला चोख. पण संध्याकाळी कॅश बंद करताना बंडलं समोर ठेवली, की ते म्हणायचे, "ताई, तुम्ही मोजलंत ना? मग झालं." आणि माझ्या आकड्याखाली सही करायचे. मी दोनदा म्हटलं, "साहेब, एक तरी बंडल फोडून बघा." ते हसून सोडून द्यायचे. एके दिवशी दुसऱ्या शाखेतून आलेलं पाचशेचं एक बंडल मी घाईत वरची पट्टी पाहून आत ठेवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे सही केली. चार दिवसांनी ते फोडलं तर आत ९७ नोटा. पंधराशे रुपयांचा फरक, तो भरूनही टाकला. पण चूक माझी एकटीची राहिली नव्हती. दोन चाव्या होत्या, दोन सह्या होत्या आणि पाहणारं कुणीच नव्हतं. त्या दिवसापासून मी समोरच्याने सही केली म्हणून कधी सही केली नाही. निवृत्तीच्या दिवशी सुद्धा बंडल फोडून मोजलं.

ब्लॉकचेनच्या जगात हेच किती मोठ्या आकड्यांत घडलं आहे ते पाहा. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरांहून जास्त गेले. तिथे सहा सही करणारे होते आणि चार सह्या लागायच्या. चारही मिळाल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजमधून जवळपास १५० कोटी डॉलर गेले. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीची रक्कम हलवण्याचा व्यवहार दिसत होता, आणि प्रत्यक्षात ते तिजोरीचा ताबाच दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर सही करत होते. चाव्या खऱ्या, माणसं खरी, सह्या खऱ्या. बंडल कुणी फोडून पाहिलं नव्हतं.

म्हणून ज्या उमेदवारांनी स्पष्ट लिहिलं होतं, की सहीपूर्वी व्यवहार ते वेगळ्या संगणकावर उलगडून पाहतात आणि उपकरणाच्या पडद्यावर दिसणारे आकडे त्याच्याशी ताडून घेतात, त्यांना मी मत दिलं. इथे आपली टोकनं अनेक उमेदवारांत वाटून देता येतात. मी तीन जणांत वाटली. त्यातला एक निवडून आला, दोन पडले. पडलेल्यांपैकी एकाने आपण किती ठिकाणी सही करतो याची पूर्ण यादी दिली होती आणि आणखी जबाबदारी पेलणार नाही म्हणून एक काम सोडत असल्याचंही लिहिलं होतं. असा माणूस पडला याचं मला वाईट वाटलं.

एका संस्थेतले तीनपेक्षा जास्त लोक परिषदेत असू शकत नाहीत, असाही नियम आहे. सुरुवातीला मला वाटलं, तीन तरी कशाला? मग वहीत बेरीज-वजाबाकी करून पाहिली. नऊ सह्या हव्यात. एका संस्थेच्या तिघांनी संगनमत केलं, तर त्यांना आणखी सहा बाहेरचे लागतील. आणि उलट, तिघांनीही अडवून धरलं किंवा तिघेही एकाच वेळी संपर्काबाहेर गेले, तर? बारातून तीन गेले, उरले नऊ. म्हणजे नेमकं काम होण्याइतके. एक संस्था एकटीच्या बळावर तिजोरी उघडू शकत नाही आणि एकटीच्या बळावर बंदही ठेवू शकत नाही. चार करू दिले असते तर हे गणित कोसळलं असतं. हे ज्याने बसवलं, त्याने नीट विचार करून बसवलं आहे. रोनिन नावाच्या दुसऱ्या एका ब्लॉकचेनवर मार्च २०२२मध्ये चोरी झाली, तिथे नऊपैकी पाच चाव्या पुरेशा होत्या, आणि त्यांतल्या चार एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी दुसऱ्या संस्थेची, पण तिच्या वतीने सही करायची परवानगी त्याच कंपनीला पूर्वी दिलेली होती आणि ती काढून घ्यायची राहून गेली होती. ६० कोटी डॉलरांच्या वर गेले आणि चोरी झाल्याचं कळायला सहा दिवस लागले.

निवडून दिलेला माणूस नको झाला तर काढताही येतो. मतदानयोग्य टोकनांपैकी निदान १० टक्क्यांनी मतदान केलं पाहिजे आणि झालेल्या दर सहा मतांतली निदान पाच काढण्याच्या बाजूने पडली पाहिजेत. किंवा परिषदेतल्याच नऊ जणांनी ठरवायचं. अट कडक आहे, पण कुणाच्या रागलोभावर चावीवाला बदलू नये, हे बरोबरच आहे.

आता जे पटलं नाही ते. सहकारात एक सभासद, एक मत. ज्याचा शेअर हजाराचा त्याला एक, लाखाचा त्यालाही एक. वर्षानुवर्षं हेच पाहिलेल्या माणसाला इथलं एक टोकन, एक मत हे अंगवळणी पडत नाही. इतरांनी ज्यांच्या नावावर आपला हक्क सोपवला आहे असे मोठे प्रतिनिधी कोट्यवधी टोकनांचं मत घेऊन बसलेले असतात, आणि ते कुणामागे उभे राहतात त्यावर निकाल ठरतो. कुणी कुणाला किती मत दिलं हे सगळं उघड दिसतं, ही त्यातली चांगली बाजू. आपल्याकडे बूथमध्ये काय झालं ते कधीच कळत नाही. इथे मी एका मोठ्या प्रतिनिधीची मतं वाचली, त्याने लिहिलेली कारणं वाचली, आणि काही ठिकाणी माझ्या वहीतली टिपणं आणि त्याची कारणं जुळली. तरी वजन म्हणजे वजन. दहा हजार लहान टोकनधारक एकीकडे आणि एक मोठा दुसरीकडे, असा सामना झाला तर कोण जिंकेल हे सांगायला नको.

मत द्यायला खर्च अगदी किरकोळ येतो. थोडा इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, वॉलेटमध्ये हवा, कटिंग चहापेक्षाही कमी पैसे जातात. पण सावध राहा. निवडणुकीच्या दिवसांत एका ग्रुपवर मला लिंक आली, "परिषदेला मत द्या, बक्षीस मिळवा". पान हुबेहूब तसंच, पत्त्यात एक अक्षर वेगळं. बटण दाबल्यावर वॉलेटने विचारलं, टोकन खर्च करायची परवानगी देता का? तिथेच मी थांबले. मत देताना तुमचे टोकन जागचे हलत नाहीत, त्यामुळे अशी परवानगी मागण्याचं काही कारणच नसतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बरेच जण वाचतील. मी लगेच मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू वाचलंस म्हणून वाचलीस." मग आम्ही दोघांनी त्या ग्रुपवर सूचना टाकली.

आणि केवळ या निवडणुकीसाठी कुणी टोकन विकत घ्यायला जाऊ नये. आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि भाव कसे पडतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. हे ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

रचनेला मी पाचपैकी साडेचार देईन. मतदाराला मिळणाऱ्या माहितीला तीन. कारण उमेदवाराची हुशारी तिथे पानभर कळते, त्याची सवय कळत नाही. आणि चावीवाला निवडताना मला सवयच पाहायची असते.

पुढच्या फेरीआधी मी मुलाकडून इंग्रजीत एक प्रश्न लिहून घेतला आहे, तो प्रत्येक उमेदवाराला विचारणार आहे: रात्री दोन वाजता फोन आला, आठ जणांच्या सह्या झालेल्या आहेत, नववी तुमची हवी आहे, सगळे घाई करत आहेत. सही करायच्या आधी तुम्ही काय काय उघडून पाहाल आणि त्याला किती मिनिटं लागतील? वहीत प्रत्येकाच्या पानावर त्या उत्तरासाठी खालच्या चार ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत.